जावातल्या डोंगरगावात भावाला घर-शेत घ्यायचं आहे; आईचा फ्लॅट विकून पैसे द्यावेत का?

गवतीचहा (मुलुंड)

नमस्कार मंडळी. घरात सध्या दुसरा विषय नाही, म्हणून इथे मांडतेय.

माझा धाकटा भाऊ सिंगापूरला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. तिथेच एका इंडोनेशियन मुलीशी जमलं, गेल्या वर्षी तिथेच रजिस्टर लग्न झालं. मुलगी गुणाची आहे. गणपतीत आली होती तेव्हा आईशेजारी बसून मोदक वळायला शिकली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक पडत होत्या. तिचं माहेर मध्य जावात, तेमांगगुंग जिल्ह्यात, सुंबिंग नावाच्या डोंगराच्या उतारावर. घरची तंबाखू, मका, थोडी कॉफी.

तिच्या माहेराला लागूनच एक जुनं घर, अंगण-परसू आणि वरच्या अंगाला ४,००० चौरस मीटर शेत असं सगळं विकायला निघालंय. भावाचं म्हणणं, आता नाही घेतलं तर परत मिळायचं नाही, दोनचार वर्षांत नोकरी सोडून तिथेच स्थायिक व्हायचं. परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, म्हणून खरेदी तिच्या भावाच्या नावावर करायची आणि या दोघा मेहुण्यांनी आपसात स्टँपपेपरवर लिहून ठेवायचं असा बेत आहे. पैशासाठी आईने डोंबिवलीचा फ्लॅट विकावा. बाबांच्या पश्चात तो आईच्या नावावर झाला, आणि त्याच्या भाड्यावरच तिचं औषधपाणी चालतं.

आई तयार आहे. म्हणते, "पोराचं घर उभं राहतंय, मी काय फ्लॅट छातीवर घेऊन जाणारे? मीही जाऊन राहीन चार महिने." तिचं वय ६८, गुडघे कुरकुरतात. मासेमटण खाते, बीफ खात नाही.

माझ्या मात्र पोटात गोळा आलाय. भावजयीच्या माणसांवर अविश्वास नाही, पण मेहुण्याच्या नावावर घेतलेली जमीन भावाची राहते का? तेवढ्या शेतावर दोघांचं भागेल का? आणि आईला तिथलं राहणं झेपेल का, जायचं कसं? तिथे प्रत्यक्ष राहिलेलं कोणी असेल तर कृपया लिहा.

---

भटकीपावलं (ठाणे)

मी जमिनीतला जाणकार नाही, पण त्या रस्त्याने गेलोय, म्हणून प्रवासाचं सांगतो. मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूर, तिथून योग्यकर्ताचं विमान. नवा विमानतळ शहराच्या पश्चिमेला कुलोन प्रोगोत, समुद्राजवळ आहे, तिथून शहरात यायला रेल्वे आहे. पुढे मागेलांग, सेचांग, तेमांगगुंग असा रस्ता, उजवीकडे मेरापी ज्वालामुखी. बोरोबुदूर वाटेवरच थोडं आत, तेवढं आईंना नक्की दाखवा. तेमांगगुंगला रेल्वे नाही, एक जुनी लाईन पाराकानपर्यंत होती ती १९७० च्या दशकात बंद पडली. आई सोबत असतील तर योग्यकर्ताहून गाडीच करा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात.

एक तारीख मात्र टाळा: लेबारान, म्हणजे रमजान ईदचा आठवडा. अख्खं जावा शहरं सोडून गावाला निघतं. गणपतीत मुंबई-गोवा हायवेला जे होतं ते सगळ्या बेटाला होतं. तिकिटं नाहीत, गाड्या नाहीत, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा आधी कॅलेंडर बघा.

जमिनीचं म्हणाल तर बालीत मी कितीतरी परदेशी लोक व्हिला बांधून राहिलेले पाहिले. जातिलुविहला भातखाचरं बघायला गेलो होतो. तिथली पाणीवाटपाची सुबाक पद्धत २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पाणी देवळाच्या सल्ल्याने आणि शेतकऱ्यांच्या सभेने सुटतं, त्यांच्यातला एक जण पाण्याचा मुख्य, त्याला पेकासेह म्हणतात. खाचराच्या बांधावर उभं राहिलं की वरच्या शेतातून खालच्यात पडणाऱ्या पाण्याचाच आवाज. भावाला एकदा ते दाखवा. आणि तिथे परदेशी माणसं राहतात तर जावात अडचण काय असावी?

---

जुना_गिरणीवाला (बोरिवली)

ताई, आधी उत्तर देतो, मग बाकीचं. मेहुण्याच्या नावावर घेऊ नका. आणि आईचा फ्लॅट विकू नका.

मी मूळचा लालबागचा. वडील गिरणीत, मी माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्सटाइल केलं. ८२ च्या संपानंतर मुंबईत आमच्या शिक्षणाला काम उरलं नाही, तेव्हा बरेच जण जावातल्या सूतगिरण्यांत गेले, त्यातला मी एक. आमची गिरणी सेमारांगच्या दक्षिणेला, उंगारानच्या बाजूला. रिंग फ्रेम खात्यातला माझा फिटर तुमच्या भावजयीच्याच जिल्ह्यातला, पाराकानच्या वरच्या अंगाच्या गावचा. सुट्टीला मी बरेचदा त्याच्याकडेच जायचो. तिथलं घर, शेत, भांडणं, लग्नं, मयतं सगळं जवळून पाहिलंय, आणि त्या माणसांबद्दल मला माया आहे. म्हणूनच सांगतो, व्यवहार सरळ करा.

इंडोनेशियाचा मुख्य जमीन कायदा १९६० सालचा आहे. पूर्ण मालकीला हाक मिलिक म्हणतात आणि ती फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं २६ वं कलम भावाला वाचायला सांगा. परदेशी माणसाकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी जाईल असा कुठलाही व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे उद्या काही बिनसलं आणि भाऊ तो स्टँपपेपर घेऊन कोर्टात गेला, तर तोच कागद त्याच्यावर उलटेल.

माझ्या एका सहकाऱ्याने सालातिगाजवळ आपल्या ड्रायव्हरच्या नावावर जागा घेतली होती. ड्रायव्हर देवमाणूस. दर महिन्याला स्वतः जाऊन कुंपण बघून यायचा. तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. मागे बायको, दोन लहान मुली, म्हातारा बाप. त्यांनी वर्षभरात जागा विकली. त्यांनी बेइमानी केली असं मी आजही म्हणणार नाही. कागदावर जागा त्यांची होती आणि घरात मिळवतं कोणी नव्हतं. तुमचा मेहुणा कितीही चांगला असो, त्याच्या पाठीमागे त्याची बायको आहे, मुलं आहेत, त्याचं कर्ज आहे, आजारपण आहे. सगळ्यांचा हक्क त्या जमिनीला चिकटतो.

भटकीपावलं, तुम्ही बालीत पाहिलंत ते बहुतेक भाडेपट्ट्याचं. पंचवीस-तीस वर्षांच्या कराराने जागा घेतात, घर बांधतात, पाहुण्यांना भाड्याने देतात आणि मुदत सरेपर्यंत पैसे वसूल करतात. तिथे पर्यटक आहे म्हणून ते जमतं. सुंबिंगच्या उतारावर व्हिलाला भाडेकरू कुठून आणायचा? परदेश्याला राहत्या घरासाठी हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, मिळतो; पण तो ठरावीक किमतीच्या वरच्या घरांना, शेतजमिनीला नाही.

आता शेत. ४,००० चौरस मीटर म्हणजे ४० आर. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टरच्या पुढे लिहितात तोच आर. गुंठा त्याच्याहून जेमतेम चौरस मीटरभर मोठा, तेव्हा एक एकर धरून चाला. जावात हे काही थोडंथोडकं नाही, तिथल्या कितीतरी कुटुंबांकडे अर्धा हेक्टरसुद्धा नसतो. पण ते भाताचं पाणथळ शेत आहे की कोरडवाहू? तंबाखूच्या गावात आणि डोंगरावर वरच्या अंगाला म्हणजे कोरडवाहूच असणार. तिकडे त्याला तेगालान म्हणतात. पावसावर मका, भाजी, आणि पाऊस ओसरताना तंबाखूची लावणी. ऑगस्ट-सप्टेंबरला तोडणी.

तंबाखूचं काम काय असतं हे तुमच्या भावाने एक हंगाम अंगाने करून बघावं. पानं तोडून घरातच रचून ठेवतात, दोनचार दिवसांत ती पिवळी पडतात. मग रात्री दीड-दोनला घर उठतं. एक जण पानांच्या गुंडाळ्या करतो, एक जण सुऱ्याखाली रेटत कापतो, आणि बायका ती बारीक कापणी बांबूच्या लांबट तट्ट्यांवर पसरतात. त्या तट्ट्यांना रिगेन म्हणतात. थर हाताने असा सारखा करायचा की खालचा बांबू दिसला नाही पाहिजे आणि जाडही झाला नाही पाहिजे. हे रात्रीच का? तर उजाडताच उन्हात गेलं पाहिजे आणि त्या एका दिवसाच्या उन्हात वाळलं पाहिजे. दुपारी तट्टे उलटायचे. ढग आला की सगळी गल्ली धावते. त्या दिवसांत घरात, अंथरुणात, भातातसुद्धा तंबाखूचा वास. मला पहिल्या रात्री घेरी आली होती आणि फिटरच्या आईने आल्याचा चहा दिला होता.

एवढं करून भाव कोणाच्या हातात? मोठ्या सिगारेट कारखान्यांसाठी माल घेणाऱ्यांच्या. त्यांचा माणूस करंडीतून चिमूट काढतो, चोळतो, वास घेतो आणि प्रत सांगतो. चांगलं वर्ष असेल तर गावात नव्या मोटरसायकली दिसतात. पाऊस लांबला तर बियाण्या-खताचं कर्ज पुढच्या वर्षावर जातं. सुंबिंगचे उतार उभे, माती दरवर्षी पावसाबरोबर खाली जाते, म्हणून शेणखत पाठीवरून वर न्यावं लागतं. अशा एक एकरावर सिंगापूरची नोकरी सोडणं मला पटत नाही. शेत घेतलंच तर शेजाऱ्याला अर्धेलीने द्यावं, तिथे त्याला मारो म्हणतात, निम्मं पीक त्याचं निम्मं तुमचं, आणि नोकरी चालू ठेवावी.

कागदांवर उद्या लिहितो, डोळे दुखतायत.

---

हिशेबनीस (दादर)

काकांचं म्हणणं शंभर टक्के. माझं फक्त पैशाच्या वाटेबद्दल. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली दर आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकते. त्यात मुलाला भेट देणंही येतं. पण ते बँकेतून, फॉर्म भरून, आईच्या पॅनवर. फ्लॅट विकला तर भांडवली नफ्याचा कर आधी काढावा लागेल. आणि "सिंगापूरचा मित्र तिथे देतो, तुम्ही इथे कॅश द्या" असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा.

माझं मत विचाराल तर मुलगा सिंगापूर डॉलरमध्ये कमावतो, त्यानेच थोडे थोडे साठवून घर घ्यावं. विधवा आईच्या चालू उत्पन्नाला हात कशाला?

---

गवतीचहा (मुलुंड)

काका, तुमची पोस्ट भावाला पाठवली. दोन दिवस गप्प होता. काल फोन आला, मेहुण्याच्या नावावरचा बेत त्याने सोडलाय. त्याला बायकोने आधीच सांगितलं होतं म्हणे की तिच्या वडिलांनाही ते पसंत नव्हतं, पण जावयाला तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून ते गप्प होते.

आता तो विचारतो, सरळ बायकोच्या नावावर घ्यायचं तर काय बघायचं? शेत बहुतेक सोडून द्यायचं, घर आणि परसूच घ्यायचं असं दोघांचं चाललंय. ते तुलनेने स्वस्त आहे आणि त्याच्या साठवणीत बसतं. आई मात्र जायचंच म्हणून बसलीय.

---

जुना_गिरणीवाला (बोरिवली)

सासरे गप्प राहिले हे ऐकून मला त्यांचं घर डोळ्यासमोर उभं राहिलं. जावातला म्हातारा माणूस "नाही" असं सहसा म्हणत नाही. "बघू या", "सवडीने" असं म्हणतो आणि चहा पुढे करतो. भावाला हे शिकावं लागेल. सासऱ्यांनी हो म्हटलं की कसं म्हटलं, ते बायकोला विचारत जायचं.

बायकोच्या नावावर घेणं हाच रस्ता, पण त्यात एक मोठी खाच आहे. तिथल्या १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर मिळवलेली मिळकत दोघांची सामाईक धरतात. सामाईक म्हटली की निम्मी परदेशी नवऱ्याची, आणि मग खरेदीखतच अडतं. त्यासाठी नवराबायकोने मालमत्ता वेगळी असल्याचा करार करायचा असतो. पूर्वी तो लग्नाच्या आधीच करावा लागे, त्यामुळे अनेक इंडोनेशियन बायका स्वतःच्या देशात स्वतःच्या पैशाने जमीन घेऊ शकत नव्हत्या. अशाच एकीने लढा दिला, आणि २०१६ मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही करार करता येईल असा निकाल दिला. तेव्हा पहिलं काम: तिथल्या नोटरीकडे हा करार, आणि त्याची रीतसर नोंद. परदेशात झालेलं लग्नही परत आल्यापासून एक वर्षाच्या आत तिथल्या नोंदणी कार्यालयात दाखवायचं असतं. ते केलंय का विचारा.

दुसरं, शेत सोडलंत ते बरं झालं, आणखी एका कारणाने. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा पाहिजे असा तिथे १९६१ पासून नियम आहे, दूर राहून शेत धरून ठेवता येत नाही. आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला शेत घेता येत नाही, तसंच एक कुंपण. भावजय सिंगापूरला राहते, तेव्हा शेत तिच्या नावावर असतं तर कधीतरी प्रश्न आलाच असता. घर आणि परसू हा वेगळा प्रकार. जावातलं परसू म्हणजे दोन कॉफीची झाडं, केळी, फणस, कोंबड्या, कोपऱ्यात गवताचा भारा. घरची भाजी त्यातूनच निघते.

आता कागद. विकणाऱ्याकडे हिरव्या जाकिटातलं सर्टिफिकेट आहे का ते बघा (आता नवीन इलेक्ट्रॉनिकही निघतात). त्यावर हाक मिलिक लिहिलेलं आणि विकणाऱ्याचंच नाव पाहिजे. खेड्यात खूपदा आजोबांचं नाव असतं आणि वारस सहा. सहांच्याही सह्या लागतील, त्यातला एक सुमात्राला पामतेलाच्या मळ्यावर असतो, त्याची वाट बघावी लागते. "आमच्याकडे कराची पावती आहे" असं म्हणाले तर ती मालकी नव्हे, आपल्या घरपट्टीच्या पावतीसारखी. ग्रामकचेरीत लेत्तर सी नावाचं जुनं चोपडं असतं, तलाठ्याच्या दप्तरासारखं. मी ते पाहिलंय: मोठी वही, कडा खाल्लेल्या, नावं खोडून वर दुसऱ्या शाईने लिहिलेली. जुना माग काढायला ते उपयोगी, पण अशा जुन्या कागदांची पाच वर्षांत रीतसर नोंद करा असं २०२१ च्या नियमाने सांगितलं होतं, तेव्हा त्यावर विसंबून खरेदी नको. जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात सर्टिफिकेट तपासून घ्यायचं, आणि खरेदीखत पेपेआते, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा नेमलेला अधिकारी, त्याच्यासमोरच. घेणाऱ्याला पाच टक्के कर, विकणाऱ्याला अडीच. ते किमतीत धरलेत का हे आधीच बोलून घ्या.

दोन गोष्टी गावात तोंडी विचारायच्या. ही जागा गहाण आहे का? शेत गहाण ठेवून पैसे घ्यायची रीत तिथे जुनी आहे, आणि त्यावर १९६० चा एक चांगला कायदाही आहे: सात वर्षं गहाण राहिलेलं शेत सावकाराने काही न घेता परत करायचं. पण गावात तो कायदा कोण सांगतो? आणि जागेचा कुठला तुकडा बेंगकोक आहे का? गावच्या मुखियाला आणि कारभाऱ्यांना पगाराऐवजी जी जमीन कसायला देतात ती. आपल्याकडच्या वतनासारखी. ती विकता येत नाही, कोणी विकत असेल तर उठून निघायचं.

भावाने हेही मनाशी धरावं की बायकोच्या मागे घर त्याला वारसाने आलं तरी एका वर्षात ते नागरिकाच्या नावावर करावं लागेल. मूल तिथलं नागरिक असेल तर त्याच्याकडे जाईल. म्हणून घरात घातलेला पैसा हा बायकोला दिलेला पैसा. तसं देता येत असेल तरच द्या. त्याचं स्वतःचं तिथे राहणं जमिनीवर अवलंबून नाही: बायकोच्या हमीवर राहण्याचा परवाना मिळतो, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कायमच्या परवान्याचा अर्ज करता येतो, आणि संसारासाठी कामधंदाही करता येतो.

आता आईंचं. त्यांना जाऊ द्या. खरंच जाऊ द्या. पण चार महिने आगमन-व्हिसावर होत नाहीत, तो ३० दिवसांचा आणि एकदाच ३० दिवस वाढतो. निघण्याआधी ६० दिवसांचा भेटीचा व्हिसा काढा, तो पुढे वाढवता येतो. पोहोचल्यावर चोवीस तासांत पाक एर्तेला, म्हणजे गल्लीच्या प्रमुखाला, पासपोर्ट दाखवायचा. गल्लीच्या तोंडावर तशी पाटीच असते. हातात खाऊचा पुडा घेऊन गेल्या तर अर्ध्या गावाशी ओळख तिथेच होईल.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. संडास भारतीय पद्धतीचे, बैठका चटईवर, आणि गल्ल्या चढाच्या. घर घेतलंच तर पहिला खर्च कमोडचा करा. अंघोळीला हौद आणि त्यात डबा, पाणी बर्फासारखं. सुंबिंग ३,३७१ मीटर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे मुंबईच्या माणसाला दोन स्वेटर लागतात. तालुक्याला सरकारी दवाखाना असतो, पुस्केसमास, मोठं काही झालं तर तेमांगगुंग शहर. बीपीची औषधं इथून सगळ्या मुक्कामाची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या, आणि प्रवास विमा काढाच.

खाण्याची काळजी नको. रोज भात, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, पालेभाजी, अंडं, आणि वाटलेली मिरची. त्या मिरचीत सुकवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, आईंना जवळ्याची सवय असेल तर दुसऱ्या दिवशी आवडेल. डोंगरावर मक्याच्या कण्यांचा भातही करतात. बीफ टाळायचं तर बाक्सो म्हणजे मटणाचे गोळे आणि सोतो म्हणजे तिथलं सूप, दोन्ही विचारून घ्यायचं, भावजय सांगेल.

त्यांचा वेळ कसा जाईल विचाराल तर गावात लग्न निघालं की सगळ्या बायका त्या घरी स्वयंपाकाला जमतात, त्याला रेवांग म्हणतात. मोठाले टोप, केळीच्या पानांचे ढीग, दहा जणी कांदे सोलतायत, एक जण सगळ्यांवर ओरडतेय. आईंना भाषा येणार नाही आणि अडणारही नाही. जी मुलगी इथे एका दिवसात मोदक शिकली तिची आई त्यांना तिथे काहीतरी शिकवेलच. मयत झालं तर सात रात्री शेजारी प्रार्थनेला बसतात, भात वाटतात. तेव्हा डोक्यावर पदर घेऊन दाराशी बसलं तरी ते लोक विसरत नाहीत. रविवारी रस्ता साफ करायला सगळे पुरुष निघतात, त्यात भावाने घमेलं उचललंच पाहिजे. रात्रीच्या राखणीच्या पाळीतही नाव घालावं. जावई परदेशी असून राखणीला येतो, ही गोष्ट त्या गावात कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा लांब पोचते.

---

गवतीचहा (मुलुंड)

काका, हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने फक्त एवढंच विचारलं की तिकडच्या विहीणबाईंना काय नेऊ. आणि फ्लॅट विकायचा नाही हे तिने स्वतःच भावाला कळवलं.

सर्टिफिकेटचा फोटो मागवलाय. जायचं कधी ते सांगा.

---

जुना_गिरणीवाला (बोरिवली)

मे ते सप्टेंबर कोरडे महिने. थंडी सोसत असेल तर ऑगस्टच्या शेवटी जा, तंबाखू चालू असते आणि सगळं घर जागं असतं. थंडी नको असेल तर मे-जून.

विहिणीला सुती साडी नको, तिथे कोणी नेसणार नाही. घरची चकली आणि बेसनाचे लाडू न्या, डबा चांगल्या झाकणाचा, कारण रिकामा डबा ते कधीच परत करत नाहीत, भरूनच देतात. सोबत पातळ लोकरीची शाल.

फोटो आला की हक्काचा प्रकार, क्षेत्रफळ आणि नाव विकणाऱ्याचंच आहे का एवढंच इथे लिहा. नंबर आणि माणसांची नावं टाकू नका. वारसांच्या सह्या बाकी असतील तर बयाणा देऊ नका, आधी मला विचारा.